गमतीजमती : उपासाचे ताट आणि महाडची मडकी



परवा कुंभार पिंपळगावात वंदना झाल्यावर पोरांना सहज विचारले, "तथागतांनी कधी मिरचीचा ठेचा खाल्ला असेल का रे?" सगळे एका सुरात ओरडले, "हो!"

साफ चूक. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. तथागतांच्या काळी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आले. विनयपिटकात भिक्खूंना औषध म्हणून चालणाऱ्या फळांत मिरी आणि पिंपळी आहेत. मिरचीचा पत्ता नाही.

आता उपासाचे ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिकडचाच, नाव तेवढे पोर्तुगीजांकडून घेतलेले. वरून हिरवी मिरची. चौघेही समुद्र ओलांडून आले. माणसाने समुद्र ओलांडला तर त्याला प्रायश्चित्त, आणि हे चौघे थेट सोवळ्यात जाऊन बसले! आपली ज्वारीची भाकर मात्र उपासाला चालत नाही. (ज्वारीही मूळची आफ्रिकेची, पण हजारो वर्षांपूर्वी आलेली, तिला गावकरी म्हणायला हरकत नाही.)

आमची आत्या अजून गुपचूप एकादशी धरते. तिला हे सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "आरं, मग खिचडी नुसती आवडती म्हणून खाल्ली तर चालंल ना?"

चालेल की! मी गप्पच बसलो.

सोवळ्याचे निघालेच आहे म्हणून महाडचे सांगतो. मार्च १९२७ मध्ये तिथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या रुपयांना काही विटाळ झाला नाही. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा मात्र तळे बाटले. मग शुद्धीसाठी १०८ मडकी आणली आणि शेण, गोमूत्र, दूध, दही असे सगळे तळ्यात गेले. पुढे कोर्टकचेरी झाली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो आपल्या बाजूने.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार, म्हणून मडक्यांची गोष्ट आत्याला मुद्दाम सांगितली. तिने पदर तोंडाला लावला.

"शेण घातल्यालं पाणी पेले," ती म्हणाली, "आन् आपल्या हातानं बाटलं व्हय?"