सिलिंडर किती दिवस गेला?

डिसेंबर उजाडला की मुंबई महानगर प्रदेशातल्या तापमानाच्या बातमीत बदलापूरचं नाव हमखास वर असतं. कुलाब्याला घाम येत असताना बदलापूरकर पहाटेच्या लोकलला कानटोपी घालून उभे असतात. याचं कारण सोपं आहे. मुंबईला समुद्र रात्रभर ऊब देतो. उल्हास नदीच्या खोऱ्यात ती ऊब पोचत नाही. आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने थंड होते आणि डोंगरउतारांवरची जड, गार हवा खोलगट भागात येऊन बसते. अंबरनाथ आणि उल्हासनगरला थंडी थोडी कमी असते, पण प्रकार तोच.

या तीन शहरांत घर गरम करण्यासाठी कोणी गॅस जाळत नाही. तरीही थंडीत गॅसचा हिशेब घरोघर निघतो. ‘आमचा बाटला पंचवीस दिवसांत संपला, तुमचा कसा महिनाभर पुरला?’ हा प्रश्न जिन्यात आणि लोकलच्या डब्यात विचारला जातो. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि मुंबई परिसरात त्याची किंमत साडेआठशेच्या वर गेली. तेव्हापासून या प्रश्नाला धारही आली. कुणी वितरकावर वजन मारल्याचा संशय घेतं, कुणी शेगडीला दोष देतं. खरा गिऱ्हाईक बहुतेक घरांत बाथरूममध्ये असतो.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी जानेवारीच्या पहाटे १८ अंशांवर आलं आहे आणि आंघोळीला ते ४० अंशांचं हवं आहे, असं धरू. २० लिटरची एक बादली २२ अंशांनी तापवायला ४४० किलोकॅलरी उष्णता लागते. गॅस गिझरमध्ये उष्णतेचा पाचवा भाग वाया जातो असं धरलं, तर एका बादलीला साधारण ५० ग्रॅम एलपीजी जळतो. पातेलं शेगडीवर ठेवलं तर तो साठीच्या घरात जातो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजचे २०० ग्रॅम, महिन्याचे सहा किलो. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे मे महिन्यात ज्या घरात नुसत्या स्वयंपाकावर सिलिंडर ४५ दिवस जातो, त्याच घरात जानेवारीत तो सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत संपतो. यात ना वितरकाची लबाडी आहे ना शेगडीचा दोष.

पाइपच्या गॅसचा हिशेब आणखी फसवा असतो. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांचं येतं. त्यात थंडीचे पंधरा-वीस कडाक्याचे दिवस आणि उबदार नोव्हेंबर एकत्र मिसळतात. शिवाय मीटर घनमीटरमध्ये मोजतो आणि सिलिंडर किलोमध्ये. उष्णतेच्या हिशेबाने एक भरलेला सिलिंडर म्हणजे पाइप गॅसचे साधारण १८ घनमीटर, एवढं लक्षात ठेवलं तर शेजाऱ्याशी तुलना करता येते. पण तुलना करायचीच, तर घरात माणसं किती, बादल्या किती आणि आंघोळी पहाटे की रात्री, हेही विचारायला हवं. टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात तापतं आणि रात्रभर थंड होतं. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्या घराचा गॅस म्हणूनच कमी जळतो. ४० ऐवजी ४५ अंशांचं कढत पाणी घेणारा सुमारे पावपट गॅस जास्त जाळतो, वर अंगाची कातडी कोरडी करून घेतो. थंडीत खाज सुटली म्हणून दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांपैकी अनेकांचं औषध नळाच्या तोटीपाशीच असतं.

विलायतेत ही तुलना फार मोठ्या प्रमाणावर होते, कारण तिथे गॅसवर अख्खं घर तापतं. ब्रिटनमधल्या मध्यम घराचा वर्षाचा गॅसवापर तिथल्या ऊर्जा नियामक मंडळाने २०२३ मध्ये ११,५०० युनिट धरला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षाला साधारण साठ सिलिंडर! २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅस महागला, तेव्हा तिथेही शेजारी शेजाऱ्याला बिल विचारू लागला. तिथले अभ्यासक मात्र नुसते आकडे ताडून पाहत नाहीत. त्या काळात बाहेरचं तापमान ठरावीक पातळीच्या किती अंश खाली होतं आणि किती दिवस, याची बेरीज करून ते वापराला तिने भागतात. नाहीतर कडाक्याच्या वर्षी काटकसर करणारा उधळ्या ठरतो.

पण त्या साठ सिलिंडरांच्या घरातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथला बॉयलर बहुधा बंदिस्त पेटीत जळतो. त्याला लागणारी हवा भिंतीतून बाहेरून येते आणि धूर त्याच वाटेने बाहेर जातो. घरातल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दरवर्षी तपासून घेणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे गॅस त्या मानाने फार कमी जळतो, पण जो जळतो तो कडी लावलेल्या बाथरूममध्ये, आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यापाशी.

जिन्यातल्या हिशेबातून नेमका हाच आकडा सुटतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे ५० ग्रॅमच्या एका बादलीमागे ६०० लिटर हवेतला सगळा प्राणवायू खर्च होतो. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच अशा बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. दार लावलं, खिडकीच्या काचा ओढल्या आणि लागोपाठ तीन बादल्या भरल्या, तर तिथल्या एक तृतीयांश हवेतला प्राणवायू ज्योतीने घेतलेला असतो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते. पण प्राणवायू थोडा कमी झाला तरी ज्योत बिघडते, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजी गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ असं आपल्या नाकाला वाटतं. जळून तयार झालेल्या विषाला ती खूण नसते. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याचे पायच आधी गळतात, आणि आतून कडी असते.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत दहावीत शिकणारी एक मुलगी आंघोळीला गेली आणि गॅस गिझरच्या वायूने बेशुद्ध पडली. उपचारांनंतरही ती वाचली नाही. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गिझरवरच होता. ही दोन्ही घरं चांगल्या वस्तीतली होती. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे. बाथरूममध्ये अचानक फेफरं येणं, शुद्ध हरपणं, नंतर काही आठवत नसणं अशा रुग्णांना पूर्वी अपस्माराच्या गोळ्या सुरू होत. मेंदूच्या तपासण्या होत आणि काहीच सापडत नसे.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात हा धोका कुठे आणि कसा लपला आहे, ते घरांच्या बांधणीवरून कळतं. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकी मिळाल्या आणि १९४९ मध्ये गावाला आजचं नाव मिळालं. त्या बराकींच्या जागेवर मजले चढत गेले, घराला घर चिकटलं आणि अनेक बाथरूमच्या खिडक्या अरुंद डक्टमध्ये उघडू लागल्या. डक्टमध्ये शेजारच्या चार गिझरांचाही धूर सुटत असेल, तर खिडकी उघडी ठेवूनही शुद्ध हवा मिळेलच असं नाही. अंबरनाथच्या चाळींत अजून कॉइल आणि पातेलं चालतं. तिथे भाजण्याची आणि शॉकची भीती जास्त, वायूची कमी. बदलापूरच्या नव्या इमारतींत एक-दोन खोल्यांची घरं, थंडी सर्वांत जास्त आणि वीज जाण्याची तक्रार नेहमीची. सेलवर पेटणारा गॅस गिझर तिथे सोयीचा वाटला तर नवल नाही. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी नाही, म्हणून गिझर आतच लागतो. मग गार वारा येतो म्हणून व्हेंटिलेटरच्या झडपांना पुठ्ठा लावला जातो.

आपल्या आज्या-पणज्यांचा तांब्याचा बंब यापेक्षा धूर कमी करत नव्हता. पण तो परसात किंवा पडवीत असे आणि पाणी बादलीने न्हाणीत नेलं जाई. बंब बाहेर, माणूस आत. गिझरने ही जागा बदलली.

सर्वांत जास्त धोका कुणाला, हेही नीट पाहायला हवं. पहिल्या आंघोळीला हवा ताजी असते. तिसऱ्या-चौथ्याला ती वापरलेली असते. घरात शेवटी आंघोळ करणारी बहुधा घरातली बाई असते आणि तीच मग कपडे धुवायला तिथे आणखी अर्धा तास बसते. सकाळच्या या डोकेदुखीला ती पित्त म्हणते, उपाशीपणा म्हणते, चहा घेते आणि दुपारपर्यंत बरी होते. थंडीभर हे चालतं. ती गरोदर असेल तर प्रश्न दोन जिवांचा असतो, कारण गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट धरून ठेवतं. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं आंघोळीनंतर दुखत असेल, सुटीत गावी गेल्यावर ते थांबत असेल, तर पित्ताची गोळी घेण्याआधी गिझरकडे पाहावं. निळी ज्योत पिवळी झाली आहे का, वरच्या बाजूला काजळी धरली आहे का. तेवढ्याच आंघोळींना गॅस अचानक जास्त लागू लागला असेल, तर बर्नर तपासून घ्यावा.

डॉक्टरांकडूनही इथे चूक होते. कोविडनंतर घरोघर आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत खोटा दिलासा देतं. त्याला प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे रुग्ण अर्धबेशुद्ध असतानाही ते ९८ दाखवू शकतं. खरी तपासणी रक्ताची, आणि ती प्रत्येक दवाखान्यात होत नाही. म्हणून ‘बाथरूममध्ये पडले’ असं सांगून आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘पाणी कशावर तापवता?’ हे विचारलंच पाहिजे. उत्तर गॅस असेल तर तपासणीच्या निकालासाठी न थांबता मास्कने पूर्ण प्राणवायू सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-सव्वा तास. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी पाठवू नये. काहींना त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल असा त्रास सुरू होतो.

घरच्यांसाठी क्रम असा: आतून हाकेला उत्तर येत नसेल तर आधी गॅस बंद करावा, दार तोडावं, श्वास रोखून माणसाला बाहेर उघड्या हवेत ओढावं आणि १०८ला फोन करावा. मदतीला गेलेला दुसरा माणूस आतच थांबून पडल्याचं घडू शकतं.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, कारण गॅस गिझर येतो तो स्वस्त म्हणून. एप्रिल २०२५च्या दराने ५० ग्रॅम गॅसचे तीन रुपये होत होते. तीच बादली विजेवर तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं. घरच्या बिलात युनिट आठ रुपयांनी पडत असेल तर चार रुपये, बारा रुपयांनी पडत असेल तर सहा. चार बादल्यांमागे रोजचा फरक चार ते बारा रुपयांचा. ज्या घराला हा फरक झेपत नाही, त्याने लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण मग गिझर बाथरूमबाहेर हवा. बहुतेक गिझरच्या माहितीपत्रकात हेच लिहिलेलं असतं. ते पत्रक बसवणाऱ्याच्या हातून रिकाम्या खोक्यात जातं. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे काम झालं, असं समजू नये. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर पंखा ओढणार काय?

जागेअभावी गिझर आतच राहणार असेल, तर बादली दार उघडं ठेवून भरावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग आत जाऊन कडी लावावी. गिझर चालू ठेवून वाहत्या पाण्याखाली आंघोळ करू नये. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. घरमालकाशी बोलायचं असेल तर ते थंडी सरल्यावर नव्हे, आताच बोलावं. गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये नेणं म्हणजे भिंतीत एक भोक, काही फूट पाइप आणि प्लंबरची एक दिवसाची मजुरी.