पन्नास रुपयांचा दंड

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९६० साली केला. त्याआधी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते. पहिल्या गुन्ह्याचा दंड ठरला १० ते ५० रुपये. रुपयाचे मोल घसरत गेले, आकडा मात्र तसाच राहिला. अर्थशास्त्राच्या भाषेत दंड हीसुद्धा किंमतच. बैलाच्या वेदनेइतके स्वस्त आज बाजारात काही नसेल.

दंड वाढवलाच पाहिजे. पण तो भरणार कोण? बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या तोडणी कामगाराची मजुरी टनावर ठरते. मुकादमाची उचल फेडायची तर गाडी वाजवीपेक्षा जास्त भरणे त्याला भाग पडते. १९६५ च्या नियमांनी ओझ्याची मर्यादा घातली, दिवसाला नऊ तासांहून अधिक जुंपण्यास मनाई केली. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन नोंदले जाते. गुन्ह्याचा पुरावा कारखान्याच्याच दप्तरी असतो! तरीही कारवाई होते तेव्हा ती चाबूक धरणाऱ्या हातावरच.

मर्यादेबाहेरचा ऊस घेणाऱ्या कारखान्यालाही कायद्याने दोषी धरावे. तोडणी व वाहतुकीच्या दरवाढीच्या पुढील मागणीपत्रातच कार्यकर्त्यांनी हे कलम घालावे.