आधी विचार, मग हात

तुम्ही घरी ज्याला 'शतरंज' म्हणता, त्यालाच मराठीत 'बुद्धिबळ' म्हणतात. वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द मात्र दोन्ही भाषांना फारसीतून मिळाले आहेत.

नावात 'बुद्धी' असल्यामुळे अनेकांना वाटते, हा खेळ फक्त हुशार मुलांचा आहे. मला हे पटत नाही. आपण पुष्कळ डाव घाईमुळे हरतो. फुकटचे प्यादे दिसते, हात पुढे जातो आणि दुसऱ्याच क्षणी आपला वजीर मारला जातो.

यावर उपाय एकच, विचाराची शिस्त. प्रत्येक चालीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. समोरच्याने ही चाल का केली? माझा कोणता मोहरा धोक्यात आहे? मी खेळल्यावर तो काय उत्तर देईल? स्पर्धेत खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावला, की तोच मोहरा चालवावा लागतो. म्हणून आधी विचार, मग हात.

डावातील चाली वहीत लिहा. हरलात, तर पहिली चूक कोठे झाली ते शोधा. आपल्या भागातील 'लातूर पॅटर्न' तुम्हाला माहीत आहे. सराव परीक्षा द्यायची, चूक शोधायची, ती सुधारायची. बुद्धिबळातही हेच करायचे असते.

नागपूरची दिव्या देशमुख 2025 साली बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकली. तेव्हा ती 19 वर्षांची होती. अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूशी तिचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांत वेळ थोडा असतो. तेथे विचाराची जुनी सवयच उपयोगी पडते. दिव्या तेथे जिंकली.

काही वडीलधारी माणसे म्हणतात, या खेळाने माणूस कामातून जातो. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या कथेतील दोन मित्र खेळात इतके बुडाले, की अवधचे राज्य गेले तरी पटावरून उठले नाहीत. पटावर शिकलेला विचार त्यांनी पटाबाहेर नेला नाही.

तुम्ही तो न्या. प्रश्नपत्रिका हातात आली, मित्राचा राग आला, तरी क्षणभर थांबा. मनात तेच प्रश्न विचारा. खेळात हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. रागात बोललेला शब्द परत घेता येत नाही.