जितेशच्या चोवीस धावांचं मोल

आयपीएलच्या 3 जून 2025 च्या अंतिम सामन्याचा धावफलक उघडला, तर बंगळुरूच्या विराट कोहलीपुढे 43 दिसतात आणि त्याच संघातल्या आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मापुढे 24. अकोला-अमरावतीच्या मधल्या मूर्तिजापुरात जितेश म्हणजे घरचाच माणूस. तरी त्याचं कौतुक करताना आवाज थोडा खाली येतो. पोरगा मारतो चांगला, पण धावा कुठे आहेत? घोळ या प्रश्नातच आहे. कापूस अमुक भावाने गेला एवढंच कुणी सांगितलं, तर मूर्तिजापूरचा शेतकरी लगेच विचारेल, त्या दिवशी बाजारात भाव काय होता? क्रिकेटमध्ये मात्र आपण सामन्याचा भाव विचारतच नाही. त्या रात्री दोन्ही संघांनी मिळून 240 चेंडूंत अवांतरासह 374 धावा केल्या, म्हणजे शंभर चेंडूंना साधारण 156. या दराने कोहलीच्या 35 चेंडूंना 54 धावा हव्या होत्या. अकरा कमी पडल्या. जितेशच्या 10 चेंडूंना 16 पुरेशा होत्या. त्याने आठ जास्त दिल्या. आठवडाभर आधी, 27 मे रोजी, लखनौमध्ये त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या, तेव्हा खेळपट्टीवर धावांचा पाऊसच होता: 232 चेंडूंत 457. तो पाऊस जमेला धरूनही त्याच्या वीस धावा वरकड उरतात.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना असा भाव विचारायची सवय जुनी आहे, आणि ती त्यांना आकड्यांनीच लावली. 1968 साली अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की .301 सरासरीवर अव्वल ठरला, म्हणजे हजार संधींत 301 यशस्वी फटके. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर आकडा बेताचाच. पण गोलंदाजांनी गाजवलेल्या त्या वर्षी अख्ख्या लीगची सरासरी .230 होती. उलट 1930 साली नॅशनल लीगची सरासरीच .303 होती, तिथे हाच .301 चारचौघांतलाही धरला गेला नसता.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे. कोहली डाव उघडायला येतो, समोर नवा चेंडू असतो, विकेट पडली तर मागचे उघडे पडतात. जितेश येतो तेव्हा षटकं उरलेली मोजकी आणि बाद होण्याची फिकीर कमी. शेवटच्या षटकांत सगळेच मारतात. म्हणून खरी तुलना सामन्याच्या दराशीही नव्हे, त्याच षटकांत खेळणाऱ्या इतर फलंदाजांशी करायला हवी, आणि तशी केली की जितेशच्या त्या आठ धावा थोड्या आटतील. आटू द्या. कोहलीच्या अकराही आटतील. माप बारीक झालं म्हणून ते टाकून पुन्हा नुसत्या धावा मोजायला बसायचं, हे मात्र पटत नाही. बंगळुरूने सामना सहा धावांनी जिंकला आणि जितेशच्या वरकड धावा आठ, म्हणून त्यानेच चषक आणला असंही कुणी म्हणू नये. याच मापाने कृणाल पंड्या कितीतरी पुढे निघतो: त्याने टाकलेल्या 24 चेंडूंना 37 धावा जायला हव्या होत्या, त्याने 17 दिल्या आणि दोन बळीही घेतले. सामनावीर तोच ठरला, ते योग्यच झालं.

दुसरा आक्षेप असा की दहा चेंडूंवरून खेळाडू कळत नाही. अगदी खरं, पण मग तो अर्धशतकालाही लावा. एका डावाचं अर्धशतक बघून आपण डोक्यावर घेतोच की. दहा चेंडूंचे असे पाच-पन्नास डाव साठले की चित्र दिसू लागतं, फक्त ते साठवावे लागतात. अडचण तिथेच आहे. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत उत्कृष्ट फलंदाजाचं बक्षीस बहुधा सर्वाधिक धावांनाच जातं, आणि वहीत फलंदाजापुढे चेंडूंचा रकाना असलाच तर कोरा राहतो. तो भरायला पैसा लागत नाही. धावा लिहिणाऱ्याच्या शेजारी चेंडू मोजणारा आणखी एक पोरगा बसवला की काम भागतं.