जुन्या गाडीची बॅटरी : कारागिरांनी मागे राहू नये

बंगळुरूच्या रेवा मोटारीत २००१ साली ६ व्होल्टच्या ८ ॲसिड बॅटऱ्या असत. त्या बदलणे परभणी-सेलूच्या बॅटरीवाल्यालाही जमण्यासारखे होते. २०१३ च्या महिंद्र ई-टू-ओमध्ये लिथियमचा संच आला आणि काम आपल्या हातून निसटू लागले. अशा संचातला एक सेल कमजोर झाला तरी साऱ्या संचाची ताकद उतरते. म्हणून 'नवाच घ्या' म्हणण्याआधी सेल मोजावेत. मोजकेच बिघडले असतील तर जुळत्या क्षमतेचे बदलावेत. सारेच थकले असतील तर तसे स्पष्ट सांगावे. मात्र शिकल्याशिवाय संच उघडू नये, आग लागू शकते. काढलेला संच भंगारात फोडू नये. २०२२ च्या नियमांनुसार तो नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. कारागीर बांधवांनो, मुलांना हे काम शिकायला आजच पाठवा; नाहीतर गिऱ्हाईक पुण्याची वाट धरील.