ताईचं काचघर आणि आपली आडवी बाटली

मागच्या बैठकीत मी सहज सांगून गेले, की कॅनडात माझी ताई घरामागच्या काचघरात गांजाची झाडं लावते, औषधासाठी. खोलीत एकदम शांतता पसरली. मग एक जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, आडवी बाटली करायला आपण गावोगाव हिंडलो. आता गांजाची वकिली करणार का?" तिचा राग मला परका नाही. नवऱ्याच्या नशेची किंमत बाया कशी मोजतात हे आम्ही दोघींनी बरोबरच पाहिलंय. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

ताईला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लाकडासारखे आखडतात, रात्री पेटके येतात. लग्नानंतर इथे असताना तिने तीन डॉक्टर केले. एकाने तिला 'मनाला फार लावून घेता' असं सांगितलं, दुसऱ्याने टॉनिक दिलं. निदान झालं ते पुढे परदेशात, सहा वर्षांनी. बाईचं दुखणं म्हणजे आधी मनाचे खेळ, हे आपल्या शिबिरांत किती जणींनी सांगितलंय!

नेहमीच्या गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत असायची. गांजातल्या द्रव्यांनी या आजारातलं आखडणं काही रुग्णांत कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यापासून केलेला तोंडात मारायचा फवारा कॅनडात 2005 पासून मंजूर आहे. पण विकतचं औषध महाग आणि आरोग्य योजनेतून पैसे मिळेनात. शेवटी डॉक्टरांच्या कागदावर सरकारदरबारी नोंद करून ताईने घरीच लागवड सुरू केली.

तिचं काचघर म्हणजे आपल्याकडच्या पॉलिहाऊसचं धाकटं भावंडच. आत कंपोस्ट आणि गांडूळखत घातलेल्या मोठ्या कुंड्या. मावा आला की ढालकिडे आणून सोडायचे. शरद ऋतूत दमट हवा सुरू झाली की भुरी आणि फुलं सडण्याची भीती. मग पंखा लावायचा, दारं उघडायची, आतली पानं विरळ करायची. औषध असतं ते मादी झाडाच्या, परागकण न लागलेल्या फुलांत. म्हणून नर झाड दिसलं की उपटायचं. ताई हसून म्हणते, "एवढ्या एका जागी तरी मुलगीच हवी असते बघ!"

सेंद्रियचा आग्रह ही हौस नाही. ही फुलं कुणी धुऊन खात नाही. ती तापवून त्यांची वाफ घेतात किंवा तेलात अर्क उतरवतात. फवारलेलं विष थेट रोग्याच्या अंगात जातं. 2016-17 मध्ये कॅनडातल्या काही परवानाधारक उत्पादकांच्या औषधी मालात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक सापडलं आणि माल परत मागवावा लागला. आपल्याकडे द्राक्षावरच्या भुरीला हेच मारतात. ते जळलं की विषारी वायू निघतो. परवाना असला म्हणजे माल शुद्धच असतो असं नाही.

घरी लावण्याचा हा हक्क कुणी आपण होऊन दिलेला नाही. 2000 साली फेफऱ्याच्या एका रुग्णाच्या खटल्यात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने रोग्याच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर 2001 मध्ये नियम आले. 2014 मध्ये सरकारने घरची लागवड बंद करून सगळं कंपन्यांकडे सोपवलं. रुग्ण पुन्हा कोर्टात गेले, 2016 मध्ये जिंकले. 2018 च्या नव्या कायद्यातही हा हक्क टिकला.

पण मैत्रिणींनो, काचघराचं कौतुक करताना मला एक गोष्ट बोचत होती. पाणी, छाटणी, पानांखाली किडे शोधणं, फुलं वाळवणं हे सगळं काम ताईचं. तिचे हात चालत नाहीत तेव्हा माझ्या भाचीचं. भावोजींनी सांगाडा उभा करून दिला, त्याचं त्यांना आजही कौतुक आहे! हक्क म्हणून मिळालेली गोष्ट बाईच्या घरकामात कधी जमा होते ते कळतही नाही. औषध परवडत नाही म्हणून रोगी बाईने स्वतःच पिकवायचं, याला स्वावलंबन म्हणायचं की सरकारने अंग काढून घेणं?

यातून एक वाट कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावी निघाली होती. अपघातानंतर फेफरी येऊ लागलेल्या व्हॅलरी कोरल यांनी 1993 मध्ये पतीसह रुग्णांची संघटना उभारली. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे मिळून सेंद्रिय बाग करत आणि औषध वाटून घेत. 5 सप्टेंबर 2002 रोजी केंद्र सरकारच्या सशस्त्र पोलिसांनी धाड घालून झाडं उपटून नेली. बाराच दिवसांनी नगरपालिकेच्या दारात, नगरसेवकांच्या साक्षीने, संघटनेने रुग्णांना उघडपणे औषध वाटलं. काम वाटून घेतलं की भीतीही वाटली जाते.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा कुणी कुंडी आणायला धावू नये, आणि याने कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. गरोदर बाईने, मानसिक आजार असणाऱ्यांनी, कोवळ्या मुलांनी यापासून लांबच राहावं. ताईचाही आजार गेलेला नाही. रात्रीची झोप परत आली आहे, इतकंच.

पण याच कायद्याच्या धाकाने मॉर्फीनसुद्धा दवाखान्यांतून नाहीसं झालं. 2014 मध्ये दुरुस्ती होऊन ते मिळवणं कागदावर सोपं झालं. तरी 2019 मध्ये माझी मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली तेव्हा तालुक्याच्या गावी मॉर्फीनची एक गोळी मिळाली नाही. मावसभाऊ नव्वद किलोमीटर जाऊन ती घेऊन आला, तेव्हा मावशीला ती गिळता येत नव्हती.

म्हणून माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं: बाटली आडवी करायला मी उद्याही तुझ्याबरोबर येईन. नशेचा धंदा वेगळा आणि वेदनेवरचं औषध वेगळं. दोन्हींना एकच कायदा एकाच काठीने हाकतो, आणि मार बसतो तो दुखणाऱ्या बाईला. पुढच्या बैठकीत आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फीन मिळतं का, हे विचारून येऊ या. सुरुवात तिथून करू. येशील ना?