तळ्याच्या कारभाराची निवडणूक

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारांच्या काळातील हजारो तलाव आहेत. त्यांतील कित्येक कोहळी समाजातील कसबी लोकांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मग पाळ कोणी दुरुस्त करावी, गाळ कोणी उपसावा, या प्रश्नाला 'सरकारने' असे एका शब्दात उत्तर देऊन पुष्कळ गावे मोकळी झाली. पुढे २००५ साली महाराष्ट्रात कायदा झाला व सिंचनाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची वाट खुली झाली. संस्थेचे संचालक सभासदांनीच निवडावयाचे, आणि तेही पाटाच्या आरंभी, मध्ये व शेवटी ज्यांची शेते आहेत, त्या तिन्ही भागांतून सारखे.

निवडणूक म्हटली की वडीलधारी मंडळी म्हणतात, "तंटा नको, बिनविरोध होऊ द्या." हे बोलणे एकोप्याचे दिसते. परंतु तळ्याच्या बाबतीत मला ते पटत नाही.

का, ते पाहा. हस्ताचा पाऊस दगा देतो, धान निसवण्याच्या बेतात असते आणि शेतकरी म्हणतो, "पाणी सोडा." तळे रिते झाले, तर पावसाळ्यात सोडलेली माशांची पिल्ले वाढावी कशी? म्हणून धीवर म्हणतो, "पाणी राखा." तळ्याच्या पोटातील गाळपेर जमीन कसणाऱ्याला तर ते लवकर उतरलेलेच हवे असते. तिघेही पोटासाठीच बोलतात; लबाड कोणालाच म्हणता येत नाही. मग बिनविरोध आलेला संचालक यांपैकी कोणाचे ऐकणार? निवडीपूर्वी त्याला कोणी विचारलेलेच नसते. पहिला कोरडा आठवडा येतो आणि ज्याची ओळख मोठी, त्याच्या बांधीत पाणी जाते.

म्हणून उमेदवार एकाहून अधिक असावेत, आणि प्रत्येकाने भर सभेत सांगावे: तळ्यात किती पाणी राखीन, शेवटच्या बांधीला पाळी केव्हा देईन, पाणीपट्टी माझ्या सोयऱ्याकडूनही वसूल करीन की नाही. अशा बोलण्याने काही मते जातील. जावोत! हरलेल्या उमेदवाराचे प्रश्नही निवडून आलेल्याची पाठ सोडीत नाहीत. (मतासाठी जेवणावळी घालणे, हा प्रकार मात्र यात धरावयाचा नाही.) बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रियांना पाणी कोठे किती पोहोचते, हे इतरांहून अधिक ठाऊक असते. त्या उमेदवार म्हणून पुढे आल्या, तर सभेतील पुष्कळ पोकळ भाषणे आपोआप आखूड होतील.

मुलांनो, तुम्हाला आज मत नाही. पण तुमच्या गावी अशी सभा भरली, तर मागे बसून ऐकावयास काय हरकत आहे? पाळीवरून सांडव्यापर्यंत चालत जाऊन आलेला उमेदवार कोणता आणि तळे रस्त्यावरूनच पाहिलेला कोणता, हे त्यांच्या बोलण्यावरून तुम्हालाही ओळखता येईल.